बाईंचा आवाज का बसतो?

नोव्हेंबर उजाडला की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते, "डॉक्टर, घसा बसलाय, जरा लवकर मोकळा करा." ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत शिक्षक मंडळी पुष्कळ असतात. थंडी, धूळ, स्नेहसंमेलनाच्या तालमी असे सारे एकदमच आलेले असते. आम्ही डॉक्टर मंडळीही गोळ्या लिहून देतो आणि पुढच्या पेशंटला बोलावतो. मीही तेच करीत होतो. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी मला यातली चूक दाखवून दिली. त्यांच्या परवानगीने, नावगाव न सांगता, ती हकिकत आज वाचकांपुढे ठेवतो.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, वर पत्र्याचे छप्पर, शेजारून रस्ता. आपल्या नगर जिल्ह्यात १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन आले, तेव्हापासून शाळा आणि चर्च एकमेकांच्या सावलीत वाढले. सोमवार ते शनिवार शाळेत बाई आणि रविवारी शब्बाथ शाळेतही बाई, अशी घरे आजही पुष्कळ आहेत. यांचे घर त्यातलेच. शब्बाथ शाळा, महिला मंडळाचे काम, उपासनेत गायनमंडळाला सूर देणे हे सारे त्यांच्याकडे. घरी दोन मुले, फिरतीची नोकरी असलेले पती आणि कानाने कमी ऐकणाऱ्या सासूबाई.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्या प्रथम आल्या. मी गोळ्या दिल्या. दिवाळीत पुन्हा आल्या, मी गोळ्या बदलल्या. नोव्हेंबरअखेर तिसऱ्यांदा आल्या तेव्हा आवाज फाटक्या पिपाणीसारखा झाला होता. खुर्चीत बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, खरं सांगा, हा कॅन्सर तर नाही ना? नाताळ तोंडावर आलाय आणि मला 'सा'सुद्धा लागत नाही."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की या बाईंचा आवाज आठ आठवडे बसलेला आहे. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज डोळ्यांनी तपासून घ्यायचा असतो. ते मी केले नव्हते. त्याच दिवशी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले.

घशात काय दिसले?

स्वरयंत्र आत असते, ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया यांनी दातांचा लहान आरसा आणि उन्हाची तिरीप यांच्या साह्याने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. गार्सिया डॉक्टर नव्हते, गायन शिकवणारे शिक्षक होते! आज हेच काम दुर्बिणीने काही मिनिटांत होते.

बाईंच्या दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर लहान गाठी दिसल्या. कॅन्सर नव्हता. हातात सतत कुदळ धरली की तळव्याला घट्टे पडतात, तसेच हे घट्टे. बोलताना बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. म्हणजे एक तास सलग आवाज काढला तर ७ लाख २० हजार वेळा. ओरडताना हा मार आणखी जोरात बसतो. मार बसला की सूज येते, सुजेवर पुन्हा मार बसतो आणि तिथे गाठ धरते. अशा गाठी ताज्या असताना बहुधा ऑपरेशनशिवाय विरतात. मात्र नुसत्या औषधाने जात नाहीत, सवय बदलावी लागते.

आवाजाचा हिशेब

"मग गायन सोडते," बाई म्हणाल्या. घरच्यांचेही तेच म्हणणे होते की चर्चची कामे कमी कर. मला मात्र ते चटकन पटेना. मी एक कागद पुढे केला आणि आठवड्यातले आवाजाचे तास लिहायला सांगितले.

शाळा, सुमारे ३० तास. घरी मुलांचा अभ्यास, हाका आणि सासूबाईंशी मोठ्याने बोलणे, रोजचे दोन धरले तरी १४ तास. चर्चमधील उपासना, शब्बाथ शाळा आणि गाण्याचा सराव मिळून ५ तास. बाई कागदाकडे पाहतच राहिल्या. ज्या कामात त्यांचा जीव रमत होता तेच त्या सोडायला निघाल्या होत्या आणि खर्च तर दुसरीकडेच होत होता.

शाळेला वाटते, आम्ही पगारापुरतेच मागतो. चर्चला वाटते, आम्ही रविवारपुरतेच मागतो. घराला तर आपण काही मागतो असे वाटतच नाही. प्रत्येकाचे मागणे रास्त असते, पण घसा एकच असतो आणि बेरीज तिथे होते.

हिशेबात आणखी दोन गोष्टी निघाल्या. शाळेच्या स्वच्छतागृहाला धड कडी नव्हती, म्हणून बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नसत. अशाने स्वरतंतू कोरडे पडतात आणि लघवीच्या जंतुसंसर्गालाही आमंत्रण मिळते. दुसरे, सगळ्यांचे आवरून रात्री साडेदहाला जेवायचे आणि लगेच आडवे व्हायचे. पोटातले आम्ल वर घशाशी येऊन स्वरयंत्राला सूज आणते, ते असे.

काय बदलले?

तज्ज्ञांनी सहा आठवडे गाणे बंद ठेवायला सांगितले. वाचा-उपचारतज्ज्ञांनी श्वास पोटापर्यंत घेऊन बोलणे आणि ओठ मिटून हलके गुणगुणणे शिकवले. वर्गात ओरडण्याऐवजी टाळीची खूण ठरली. दोन्ही इयत्ता जवळ बसवल्या, मोठ्याने वाचायचे काम मुलांकडे गेले आणि कमरेला लावायचा लहानसा स्पीकर आला. मुख्याध्यापकांनी कडीचा विषय शाळा व्यवस्थापन समितीत काढला आणि कडी बसली. सासूबाईंना कान दाखवले, तर दोन्ही कानांत मळाचे खडे! ते काढल्यावर घरातला निम्मा आरडाओरडा आपोआप थांबला. त्या सुनेला म्हणाल्या, "अगं, मला वाटायचं तूच हल्ली पुटपुटतेस."

पाळकसाहेबांनी शब्बाथ शाळेची गाणी दोन तरुण मुलींकडे सोपवली. त्या नाताळात बाई गायल्या नाहीत. पुढच्या बाकावर बसून त्यांनी नुसत्या हाताने ताल दिला. "डोळ्यांत पाणी आलं, पण पोरी चांगल्या गायल्या," असे त्यांनी मला सांगितले. ईस्टरला त्या पुन्हा सूर धरून उभ्या राहिल्या. वरची पट्टी अजून थोडी कमी लागते. शब्बाथ शाळेची गाणी मात्र त्यांनी त्या मुलींकडेच राहू दिली.

आपण काय करावे?

१) दिवसभर घोट घोट पाणी प्या. लघवी फिकट रंगाची राहील इतके पाणी पुरेसे आहे. किडनीचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

२) आवाज बसला की कुजबुजू नका, त्यानेही ताण पडतो. शक्यतो गप्प राहा, बोललाच तर हळू आणि नेहमीच्या आवाजात.

३) सारखे खाकरणे टाळा. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या किंवा आवंढा गिळा.

४) गुळण्यांचे पाणी किंवा खडीसाखरेचा रस स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. घशाला बरे वाटते इतकेच. पाण्याची वाफ मात्र तिथवर जाते.

५) सर्दीने बसलेला आवाज बहुधा विषाणूंमुळे बसतो. त्याला अँटिबायोटिक लागत नाही. मनाने घेऊ नका.

६) जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा.

७) तंबाखू, विडी आणि दात घासायची मिसरीसुद्धा बंद करा.

आवाज तीन आठवड्यांनंतरही सुटला नाही तर स्वरयंत्राची तपासणी करून घ्याच. थुंकीत रक्त, मानेत गाठ, गिळायला त्रास, वजन घटणे यांपैकी काही असेल तर तीन आठवडेही थांबू नका. श्वास अडकत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. घशाचा कॅन्सर, स्वरयंत्राचा क्षय, थायरॉइडची कमतरता यांतही आवाज बदलतो, आणि लवकर कळले तर उपचार सोपे जातात.

वाचकहो, आपल्या घरात कुणी शिक्षिका असतील तर या रविवारी कागद घेऊन त्यांच्यासोबत बसा आणि आवाजाचे तास लिहा. त्यांतले कोणते तास आपल्यामुळे पडतात, तेही पाहा. आणि आजीचे कान एकदा तपासून घ्या.