भरला टँकर, चढाचा रस्ता आणि तापलेला ट्रॅक्टर

विहिरी आटल्या म्हणजे अनेक गावांचे पिण्याचे पाणी ट्रॅक्टरला जोडलेल्या टँकरने येते. तो वाटेत तापून उभा राहिला, तर त्या दिवशी गावातील हंडे रिकामे राहतात. मग घाईने नवा रेडिएटर बसविला जातो, ग्रामपंचायतीचा पैसा खर्ची पडतो आणि पुढच्याच खेपेस काटा पुन्हा तांबड्या रेघेवर चढतो. इंजिन तापणे हे केवळ लक्षण होय. ते नेमके केव्हा तापते, हे चालकास विचारले तरी अर्धे निदान होते.

प्रथम ओझ्याचा हिशेब पाहावा. ५,००० लिटर पाण्याचे वजन ५ टन. टँकरच्या लोखंडाचे वेगळेच. २० मीटरला १ मीटर असा चढ लागला, की या पाण्यापायीच सुमारे २५० किलो जादा ओढ पडते. डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच उपयोगी पडते. उरलेली मुख्यत्वे धुराड्यातून व रेडिएटरमधून बाहेर जावी लागते. चढावर वेग मंद असल्याने समोरचा वारा मिळत नाही. सारी भिस्त पंख्यावर असते.

रिकामा टँकर सपाटीवर नेतानाही काटा चढत असेल, तर पाण्याची पातळी व फॅनबेल्टचा ताण आधी तपासावा. केवळ चढावर तापत असेल, तर रेडिएटरच्या जाळीकडे वळावे. मळणीवरून आलेल्या ट्रॅक्टरच्या जाळीत भुसा घट्ट बसलेला असतो. इंजिन बंद करून तो पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेस, हलक्या हवेने काढावा. समोरून जोराचा फवारा मारल्यास तो अधिकच आत रुततो. बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे भरले गेले असेल, तर नळ्यांत आतून क्षारांचा थर साचतो. गावाची तहान भागविणाऱ्या ट्रॅक्टरलाच खारे पाणी पाजावे, हे नवलच! उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धतही घातक आहे. काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरते. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे उठू लागले, तर मात्र हेडगॅस्केटचा संशय घेऊन कुशल मेकॅनिककडे जावे.

काटा जागेवर असून जळका वास येत असेल, तर दोष बहुधा क्लचचा. इंजिनाचा आवाज वाढतो, चाकांचा वेग वाढत नाही, ही त्याची खूण. पुष्कळदा चालकाचा पायच क्लचवर विसावलेला असतो. चढ लागण्यापूर्वीच खालचा गिअर घातला, तर अर्ध्या क्लचवर ओढण्याची वेळ येत नाही. गिअरपेटीतील तेल कमी असले तरी तापते, खुणेपेक्षा अधिक भरले तरी घुसळून तापते. ते दुधट दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे. टँकरचे एखादे चाक इतरांहून अधिक गरम लागल्यास तेथे ब्रेक चिकटला असण्याचा संभव असतो.

इंजिन तापल्यास ट्रॅक्टर बाजूस घेऊन, चाकांस दगड लावून, काही मिनिटे मंद गतीवर चालू ठेवावे. फॅनबेल्ट तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल, तर मात्र तत्काळ बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालची वाफ चेहरा भाजून काढते. पाणी भरावयाचे ते इंजिन पूर्ण निवाल्यावरच, कारण तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा धोका असतो.