बुरशी लागलेले शेंगदाणे: धुतले, भाजले तरी विष जातं का?



गेल्या ऑगस्टमध्ये मासेमारी बंदी उठली तेव्हा आपल्या एका ट्रॉलरमालकाने विचारलं, "सेक्रेटरी, खलाशांच्या रेशनमधलं शेंगदाण्याचं पोतं मे महिन्यापासून पडून होतं, त्याला बुरशी लागलीय. धुऊन, वाळवून, भाजून दिले तर चालतील ना? अख्खं पोतं फेकायचं म्हणजे जिवावर येतं." मी तेव्हा "फेका" एवढंच म्हटलं. का फेकायचं, ते काही मला नीट सांगता आलं नाही. नंतर वाचून, विचारून जे समजलं ते इथे लिहितो.

शेंगदाणे, मका, सुकी मिरची, खोबरं, तांदूळ यांना ओल लागली की त्यावर एक हिरवट-पिवळी बुरशी धरते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. नीट न वाळलेल्या सुक्या मासळीवरही ती वाढू शकते. बुरशी पुसली, धुतली तरी विष दाण्यात मुरलेलं राहतं. घरच्या चुलीवर शिजवून किंवा भाजून ते पुरतं जात नाही. म्हणजे त्या मालकाच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे.

हे विष पहिल्यांदा ध्यानात आलं ते १९६० साली इंग्लंडात. तिथे एक लाखावर टर्की पक्षी मेले. कारण निघालं खाद्यातली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. त्यानंतर अमेरिकेत ट्राउट माशांच्या तळ्यांत माशांच्या यकृताला गाठी येऊ लागल्या, तिथेही दोष खाद्याचाच होता. खाजणात कोळंबी पाळणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. स्वस्त मिळते म्हणून कुबट वासाची पेंड घेऊ नका.

माणसांचं उदाहरण तर आपल्याच देशातलं आहे. १९७४ साली गुजरातेतला पंचमहाल आणि राजस्थानातला बांसवाडा या भागांत कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. मका भिजला आणि घरात नीट न वाळताच साठवला गेला. गरीब आदिवासी घरं, दुसरं खायला काही नाही. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी शंभराहून जास्त जण गेले. त्याच घरांतली कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी तपास केला. त्यांचा अंदाज असा, की ही माणसं महिनाभर रोज २ ते ६ मिलिग्रॅम विष खात होती. आपल्याकडे धान्यासाठी मर्यादा आहे किलोला १५ मायक्रोग्रॅम. म्हणजे एक टन मालात १५ मिलिग्रॅम, मिठाच्या चिमटीहूनही कितीतरी कमी.

मग पोत्यातले चार दाणे तपासले की झालं, असं वाटेल. तसं होत नाही. विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. शेकड्यांनी दाणे चांगले असतात आणि एखाद्याच दाण्यात ते ठासून भरलेलं असतं. रापणीच्या एका कोपऱ्यात हात घालून सगळ्या जाळ्यात काय आलंय ते सांगता येतं का? तसंच हे. म्हणून शास्त्रज्ञ माल तपासतातच, पण खाणाऱ्या माणसालाही तपासतात.

खाल्लेलं विष यकृतात जातं, तिथे त्याचं रूप बदलतं. काही भाग 'एम१' या रूपात लघवीतून बाहेर पडतो, तो मागच्या एक-दोन दिवसांचं खाणं सांगतो. आईच्या दुधातही तो उतरतो. गाई-म्हशींचंही तसंच, म्हणून आपल्याकडे दुधालाही मर्यादा आहे, किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून बसतो आणि दोन-तीन महिने सापडतो. २००४ साली केनियात मक्यामुळे ३१७ जण आजारी पडले, १२५ दगावले. तेव्हा आजारी आणि शेजारचे धडधाकट लोक, दोघांचंही रक्त तपासलं. आजाऱ्यांच्या रक्तात ही खूण जास्त निघाली.

एक गैरसमज दूर करतो. आपल्या बाजारातल्या लॅबमध्ये होते ती 'लिव्हर टेस्ट' ही नव्हे. तिच्यात यकृत बिघडलं की नाही ते कळतं, विष किती खाल्लं ते नाही. ती दुसरी तपासणी संशोधनाच्या प्रयोगशाळांतच होते. एकदम कावीळ होण्याइतकं विष क्वचितच पोटात जातं. थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो, आणि ज्याला हिपॅटायटिस-बी आहे त्याला धोका कितीतरी पटींनी वाढतो. बाळांना ती लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, चुकवू नका. (दारूचंही लिहिणार होतो, पण ते सगळ्यांना माहीत आहे.)

खलाशी आपल्याकडे लांबून येतात. मालक देईल ते खातात, तक्रार करत नाहीत. जे शेंगदाणे घरच्या पोरांच्या हातात देणार नाही ते बोटीवर कशाला पाठवायचे? पोत्याची किंमत मला माहीत आहे, तरी म्हणतो.

पुरुमेंत भरताना मिरची, खोबरं, सुके बांगडे कडकडीत वाळल्याशिवाय डब्यात घालू नका. काळपट, सुरकुतलेले, कडवट लागणारे दाणे निवडून काढा. कोंबड्यांनाही घालू नका. पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका. सोसायटीच्या गोदामात जुन्या लाकडी फळ्या पडून आहेत, ज्यांना हव्या असतील त्यांनी शनिवारी सकाळी दहाच्या आत येऊन न्याव्यात, पैसे नाहीत.

— सेक्रेटरी