धातुमळीचे काँक्रीट

बांधकामाच्या इतिहासात मद्रासचे नाव जुने आहे. समुद्रातील शिंपले भाजून तेथे चुना करीत. त्याचा गिलावा घोटून घोटून असा काही गुळगुळीत होई, की पाहणाऱ्यास संगमरवराचा भास व्हावा. ‘मद्रास चुनाम’ या नावाने तो प्रसिद्ध होता. पुढे १९०४ साली याच शहरात शिंपल्यांपासून सिमेंट करण्याचा प्रयत्न झाला, पण तो यशस्वी झाला नाही. आज चेन्नई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या शहरात सिमेंटला पर्यायी पदार्थ शोधण्याचे काम चालते, हा एक योगायोगच म्हणायचा.

पर्याय शोधण्याची गरज का पडली? चुनखडक आणि चिकणमाती यांचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले, की क्लिंकर तयार होतो. तो दळला म्हणजे सिमेंट होते. एक टन क्लिंकर तयार होताना आठशे किलोग्रॅमहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातील निम्म्याहून अधिक वायू कोळशातून येत नाही. तो चुनखडकातच बांधलेला असतो आणि दगड भाजताच सुटतो. म्हणून केवळ इंधन बदलून हा प्रश्न सुटत नाही. क्लिंकरच कमी वापरावा लागतो.

येथे लोखंडाच्या कारखान्यातील मळी उपयोगी पडते. झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडक घालतात. खनिजातील माती-वाळूचा अंश चुन्याशी संयोग पावतो आणि वितळलेल्या लोखंडावर सायीसारखा तरंगतो. हीच धातुमळी. ती सावकाश थंड होऊ दिली तर तिचा दगड बनतो. तो फोडून खडी म्हणून वापरता येतो, त्याहून अधिक नाही. परंतु त्याच तप्त रसावर पाण्याचा जोरदार फवारा सोडला तर स्फटिक बनण्यास अवधीच मिळत नाही आणि काचेसारखे वाळूएवढे कण तयार होतात. अशा कणांत सिमेंटचा गुण दडलेला असतो, हे जर्मनीतील एमिल लांगेन यांनी १८६२ साली दाखवून दिले.

दडलेला म्हणण्याचे कारण असे, की ही मळी बारीक दळून नुसत्या पाण्यात कालवली तर फारच मंद गतीने घट्ट होते. तिला चेतवण्यास अल्कलीयुक्त पदार्थ लागतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जो चुना मोकळा होतो, तोच हे काम करतो. जुन्या वाड्यांच्या बांधकामात चुन्यात विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळत. तिचे कार्यही थोडेफार याच जातीचे. भारतीय मानकानुसार मळीयुक्त सिमेंटमध्ये मळीचे प्रमाण २५ ते ७० टक्के असू शकते.

चेन्नईच्या दृष्टीने मळीचा आणखी एक गुण मोलाचा ठरतो. समुद्रावरील खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपत जाते, आतील सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचे काँक्रीट तडकून गळू लागते. किनाऱ्यावरील इमारतींचे आयुष्य याच रोगाने घटते. मळीच्या काँक्रीटमधील छिद्रे अतिसूक्ष्म होत असल्यामुळे क्लोराइडचा प्रवास पुष्कळच मंदावतो. फळ्या काढल्यावर असे काँक्रीट कधी कधी हिरवट-निळसर दिसते आणि नवखा माणूस घाबरून जातो. वास्तविक हवा लागताच तो रंग निघून जातो.

परंतु मळीच्या काँक्रीटला आरंभी बळ हळूहळू येते. फळ्या काढण्याची घाई चालत नाही आणि पाणीही अधिक दिवस मारावे लागते. त्यात हयगय झाली तर पृष्ठभाग सच्छिद्र राहतो व मुख्य लाभच हातचा जातो. चेन्नईची अडचण नेमकी येथे आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात या शहराला पाणी पुरविणारे जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते. जेथे घागरभर पाण्यासाठी रांगा लागतात, तेथे भिंतींवर आठवडा-दोन आठवडे पाणी कोण मारणार?

तरमणी येथील संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्रात ज्या जिओपॉलिमर काँक्रीटवर संशोधन झाले आहे, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. त्यात सिमेंट नसतेच. औष्णिक विद्युत केंद्रातील राख आणि दळलेली मळी यांवर सोडियम सिलिकेट व कॉस्टिक सोडा यांच्या द्रावणाची क्रिया घडवितात. केवळ राख वापरली तर काँक्रीट पक्के होण्यास उष्णता द्यावी लागते. मळी मिसळली की ते साध्या हवेत, पाणी न मारताही घट्ट होते. मात्र ही रसायने महाग आहेत आणि कॉस्टिक सोडा तर हात भाजणारा. कारखान्यात विटा-ठोकळे पाडताना ती सांभाळता येतात. उघड्या जागेवर, अनवाणी काम करणाऱ्या मजुरांच्या हाती ती देणे धोक्याचे आहे.

मळीचा पुरवठाही अमर्याद नाही. दक्षिणेत झोतभट्ट्या आहेत त्या विशाखापट्टणम, सालेम आणि कर्नाटकातील तोरणगल्लू अशा ठिकाणी; महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील डोलवी येथे. तेथून ती रेल्वेने वा मालमोटारींनी आणावी लागते. शिवाय भंगार वितळवून किंवा हायड्रोजनच्या साहाय्याने पोलाद करण्याच्या पद्धती जगभर पुढे येत आहेत. त्या रुजल्या तर झोतभट्ट्या कमी होतील आणि त्यांच्यासोबत ही मळीही.