स्टँपपेपरवरची सोडचिठ्ठी आणि लेकराचा हक्क



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर एक ताई घडी घातलेला कागद घेऊन आमच्यासमोर उभ्या राहिल्या. स्टँपपेपरवर लिहिले होते : नवरा-बायको राजीखुशीने वेगळे झाले, मुलगा बापाकडे राहील, बाईचा पोटगीवर हक्क नाही. खाली साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का. "फादर, माझं लेकरू गेलं का?" एवढेच त्यांनी विचारले. असे कागद गावोगावी होतात, म्हणून आज या विषयावर स्पष्ट लिहीत आहोत.

कागदाची किंमत. ख्रिस्ती विवाह अशा कागदाने मोडत नाही. आपल्याला १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे आणि त्यासाठी न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. पूर्वी पुरुषाने पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होई. बाईला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. आता क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग ही कारणे दोघांनाही सारखीच आहेत. परस्परसंमतीने अर्ज करायचा तर कलमात दोन वर्षे वेगळे राहण्याची अट आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ती एक वर्षावर आणली, म्हणून वकिलांना विचारून घ्यावे.

ख्रिस्तसभेचे न्यायमंडळ. धर्मप्रांताचे न्यायमंडळ घटस्फोट देत नाही. विवाह मुळातच वैध झाला होता की नाही, एवढेच ते ठरवते. त्या निर्णयाने सरकारदरबारी विवाह संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. चर्चच्या निर्णयाला कायद्याची मान्यता द्यावी, ही मागणीही २०१७ साली फेटाळली गेली. उलट बाजूने, कोर्टाच्या हुकूमनाम्याने साक्रामेंताचे बंधन तुटत नाही. परंतु मुलांचे संगोपन किंवा न्याय्य हक्क राखण्यासाठी दुसरा मार्गच नसेल, तर दिवाणी घटस्फोट घेणे हे पाप ठरत नाही, अशी आपल्या धर्मशिक्षणग्रंथाची शिकवण आहे (परिच्छेद २३८३). घटस्फोटानंतर पुनर्विवाह न केलेल्या व्यक्तीला केवळ घटस्फोट झाला म्हणून ख्रिस्तप्रसाद नाकारला जात नाही. सद्भावनेने झालेला विवाह पुढे अवैध ठरला तरी त्यातली मुले औरसच राहतात.

मुलाचा ताबा. आईबापांनी आपसात काहीही लिहिले तरी न्यायालय त्याला बांधलेले नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार मुलाचे हित पाहिले जाते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते. शलमोन राजाचा न्याय आठवा (१ राजे ३). बाळाचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून खरी आई हक्क सोडायला तयार झाली. आज तलवार दिसत नाही. पण शाळेचा दाखला अडवणे, भेटायला आलेल्या बापाला दारातून परत पाठवणे, "तुझी आई वाईट" असे लेकराच्या कानी घालणे, हीसुद्धा तलवारच आहे.

पोटगी. जुन्या कलम १२५ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी, पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिता, अज्ञान मुले आणि वृद्ध आईवडील यांना त्याखाली मागणी करता येते. पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. आपल्या भागातील भगिनींना जुन्नरला जाता येईल. मुलाचा पोटगीचा हक्क आई सही करून सोडू शकत नाही. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दोघांनीही उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. पगाराची पावती नाही म्हणजे उत्पन्नच नाही, असे होत नाही. सातबारा, कांदा-टोमॅटोच्या पट्ट्या, बँकेचे पासबुक हे सारे बोलते. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया व मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

एक कबुली देतो. याच ताई पूर्वी एकदा मार खाऊन आल्या होत्या, तेव्हा "सहन करा, प्रार्थना करा" एवढेच आम्ही सांगितले. ते अपुरे होते. जिवाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभेचा कायदाच देतो (कॅनन ११५३). ते तेव्हाच सांगितले असते, तर कदाचित त्या कागदावर त्यांची सही झाली नसती.

त्यांचा अर्ज आता दाखल झाला आहे. ताब्याचा निकाल अजून व्हायचा आहे. दरम्यान मुलगा रविवारी आईसोबत मिस्साला येतो, आणि बाप त्याला बाहेर फाटकाशी भेटतो. दोघांसाठी प्रार्थना करा. आणि घरात असा प्रसंग आला तर कोऱ्या किंवा लिहिलेल्या, कोणत्याही कागदावर सही करण्याआधी आमच्याकडे या.

पवित्र कुटुंब आपल्या घरांचे रक्षण करो.