घर विकायचे आहे? आधी वारसांचे वाटे, मग चुना

घर विकायचे ठरले की आपल्याकडे पहिली धावपळ गवंडी आणि रंगारी शोधण्याची होते. भिंतीला चुना लागतो, गळका पत्रा बदलतो, दलालाच्या कानावर घातले जाते. गिऱ्हाईक येते, बयान्याची बोलणी होतात. मग गिऱ्हाइकाचा वकील कागद मागतो आणि कळते की घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांत ही अडचण वारंवार येते.

आम्ही कापडवाले थान विकण्यापूर्वी टेबलावर पसरून ऐब शोधतो. घर विकण्याचीही हीच रीत हवी. फरक एवढाच की घराचा मोठा ऐब बहुधा भिंतीत नसून मालकीत असतो.

१) कागद कोणाच्या नावावर आहे?

घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल हे मालकीचे पुरावे नव्हेत. शहरात सिटी सर्व्हे कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढावे, गावठाणाबाहेरील जमिनीचा सातबारा काढावा. मूळ खरेदीखत शोधावे; सापडले नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मागावी. वकिलाकडून मागील ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, म्हणजे जुने गहाण किंवा बोजा असल्यास तो आपल्याला गिऱ्हाइकाच्या आधी कळेल. बँकेचे कर्ज फिटले असेल तर तसा दाखला घेऊन बोजा कमी करून घ्यावा. पागडीच्या घरात मालकी विकली जात नाही, भाडेकरूचा हक्क हस्तांतरित होतो. म्हणून तेथे घरमालकाची संमती पहिली.

२) वाटे कागदावर मांडा

मुस्लिम कायद्यात मुलाला जन्माने हक्क मिळत नाही. माणूस वारला की त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा ठरलेला वाटा त्याचा होतो, मग नोंद झालेली असो वा नसो. दफनाचा खर्च, कर्ज, बायकोचा राहिलेला मेहर आणि एक तृतीयांशाच्या आतील वसीयत हे आधी वजा होते. उरलेल्याची वाटणी सूरह निसामध्ये ठरवून दिली आहे.

हिशेब उदाहरणाने पाहू. वडील वारले, मागे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. वडिलांचे आईबाप आधीच वारलेले. देणे काही नाही. घराची किंमत ४८ लाख. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे ६ लाख. उरले ४२ लाख. मुलाला मुलीच्या दुप्पट या हिशेबाने सहा भाग पडतात, एक भाग ७ लाखांचा. प्रत्येक मुलाला १४ लाख, प्रत्येक मुलीला ७ लाख.

घर आजोबांच्या काळातील असेल तर सर्व मृत्यूंचे दाखले तारखेच्या क्रमाने लावावेत. आजोबांच्या हयातीत वारलेल्या मुलाची मुले, दुसरे मुलगे जिवंत असता, आजोबांची वारस होत नाहीत. तोच मुलगा आजोबांनंतर वारला असेल तर त्याचा वाटा त्याच्या वारसांकडे जातो. तारखेचा एक फरक, पण सगळा हिशेब बदलतो.

३) बहिणीचा हक्क गृहीत धरू नका

‘बहिणींनी माफ केले आहे’ हे वाक्य आपल्या समाजात फार सहज बोलले जाते. लग्नात दिले, ईदला देतो, मग आता वाटा कशाला, असे म्हणतात. लग्नाचा खर्च हा मीरासमधील वाटा नव्हे. बहिणीला खरोखर हक्क सोडायचा असेल तर वडिलांच्या मृत्यूनंतर, आपल्या वाट्याचा आकडा ऐकून, राजीखुशीने तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. वडील हयात असताना ‘पुढे मागणार नाही’ असे नुसते लिहून घेतलेल्या कागदाला कायद्यात सहसा किंमत नसते.

तिला सोडायचा नसेल तर खरेदीखतावर तिची सही घ्यावी आणि तिचा चेक तिच्या नावाने खतातच लिहावा. तिला वगळून भावांनी केलेली विक्री तिच्या वाट्यापुरती तिच्यावर बंधनकारक होत नाही. ती किंवा तिची मुले कोर्टात गेली तर गिऱ्हाईक फसते, भावांची अब्रू जाते आणि नाते तुटते ते वेगळेच.

४) अज्ञान वारस

वारसांत १८ वर्षांखालील मूल असेल तर फार जपावे. त्याचे वडील नसतील तर आई, चुलता किंवा भाऊ त्याचे घर आपल्या अधिकारात विकू शकत नाही. आजोबा हयात नसतील आणि वसीयतीने कोणी नेमलेला नसेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून पालक नेमून विक्रीची परवानगी घ्यावी लागते. वेळ लागतो, म्हणून ही तयारी सर्वांत आधी सुरू करावी. यतीमाचा माल ही अमानत आहे.

५) हिबा आणि मुखत्यारपत्र

मुस्लिम कायद्यात तोंडी हिबा चालतो, पण तीन गोष्टी हव्यात : देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. ताबा दिल्याचा पुरावा नसेल तर वडिलांनी मला घर दिले होते हे म्हणणे टिकणे कठीण. असा दावा असेल तर सर्व वारसांची लेखी मान्यता आताच घ्यावी.

भाऊ सौदी किंवा कुवेतला असेल तर त्याचे मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात करून मागवावे आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा.

६) पैसा आणि कर

घराच्या सौद्यात २०,००० रुपये किंवा अधिक रोख बयाना घेण्यास २०१५ पासून मनाई आहे. घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर खरेदीदार १ टक्का कर कापून भरतो. परदेशी राहणाऱ्या वारसाच्या वाट्यावर कपातीचा नियम वेगळा आणि दर जास्त आहे.

नफ्यावरील कर प्रत्येक वारसाने आपल्या वाट्यापुरता भरायचा असतो. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल तर त्या तारखेची किंमत धरता येते. मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा दाखला काढून ठेवावा. जुलै २०२४ मध्ये दर बदलले आहेत, म्हणून सौद्याआधी सीएला विचारावे. या पैशातून दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास सवलत मिळू शकते.

७) ऐब सांगून विका

आता रंगारी बोलवा. पण ओल, भेगा झाकण्यासाठी नव्हे. सहज न दिसणारा दोष विक्रेत्याने सांगावा, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही सांगतो. मागांच्या मीटरची थकबाकी, परवानगीविना चढवलेला मजला, शेजाऱ्याशी भिंतीचा वाद हे सर्व आधीच बोलावे. भाव थोडा उतरेल, पण सौदा मोडणार नाही.

तेव्हा बंधूंनो, दलालाला सांगण्यापूर्वी एका जुम्याला नमाजनंतर सर्व वारसांना, बहिणींसह, एकत्र बसवा. वाटे मोठ्याने वाचा, लिहा, सह्या घ्या. हा एक दिवस दिला तर पुढची कोर्टाची वर्षे वाचतात, आणि हातात येणारा पैसा हलाल असतो.