बामणोलीला निघालीस ना, मग ऐक

बघ, तुझा जीव टांगणीला लागलाय हे मला फोनवरच कळलं. पंधरा बायका, चौघींबरोबर मुलं, कोयनेच्या पाण्याकाठी तंबूत एक रात्र, आणि तिथं ना नळ, ना संडास, ना लाइट. जमेल गं तुला. ज्या बाईनं चाळीस माणसांची पंगत एकटीनं उठवली तिला हे का जड आहे? पण खरं सांगू का, तू सुरुवात पोळ्यांच्या हिशेबापासून केलीस, ते जरा बाजूला ठेव. आधी जागा, पाणी आणि अंधार.

तू जिथं उतरणार तो कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. पलीकडच्या काठावर दाट रान दिसतं ना, ते कोयना अभयारण्य. 1985 साली जाहीर झालं, आणि 2010 पासून चांदोली राष्ट्रीय उद्यानाबरोबर ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिकडे तंबू ठोकायचा नाही म्हणजे नाही. वासोटा किल्ला करायचा असेल तर सकाळी बामणोलीत वनखात्याची परवानगी काढा, बोटीनं जा आणि दिवस मावळायच्या आत परत या. "गडावरच राहू या की" असं कुणीतरी म्हणणारच. तिथं मुक्कामाला परवानगी नाही, एवढंच सांग आणि विषय संपव.

मुक्काम अलीकडच्या काठावर, कुणाच्या तरी मालकीच्या रानात. मालकाला आधी विचार, पैसे ठरव, काय चालेल काय नाही तेही विचारून घे. बाई, त्या भागातल्या कितीतरी घरांची चांगली जमीन धरणात गेलीय. उरलेल्या तुकड्यावर आपण पाहुण्या म्हणून जातोय. बांधावरून गाडी घालू नका, आणि गाणी लावायचा डबा घरीच ठेवा.

आता फोटोसाठी सगळ्यांना तंबू अगदी पाण्याला चिकटून हवा असणार. ऐकू नकोस. पावसाळ्यानंतर जलाशय तुडुंब असतो. पुढे वीजनिर्मितीसाठी आणि शेतीसाठी पाणी सुटतं, तसा काठ मागे सरकतो आणि गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, आत लिबलिबीत. शिवाय पाण्याखाली जुनी दरीच आहे, त्यामुळे चार पावलांवर जमीन एकदम खोल जाते. म्हणून पोहणं नाही, पाय सोडून बसणंही नाही. मुलांवर लक्ष ठेवायला तासातासाला एक बाई, नावानिशी ठरवलेली. "आपण सगळ्या आहोतच की" म्हटलं की कुणाचंच लक्ष नसतं, हे तुलाही लग्नघरातून माहीत आहे.

आणि ज्या प्रश्नावर तू तीनदा घसा खाकरलास, तो मी सरळ बोलते. संडास. उजेड असतानाच जागा ठरव: पाण्यापासून आणि तंबूंपासून किमान सत्तर-ऐंशी पावलं लांब, वाटेच्या आड. दोन काठ्या रोवून जुन्या साडीचा आडोसा कर. खुरपं आणि पाण्याची बाटली तिथंच राहू दे. प्रत्येकीनं वीतभर खड्डा करायचा आणि मातीनं नीट बुजवायचा. पॅड मात्र पुरायचं नाही. रानडुकरं, कुत्री उकरून काढतात. कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात घालायचं आणि परत आणायचं. हे निघायच्या आधीच सगळ्यांना मोकळेपणानं सांग. नाहीतर बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. पाळी यायची असेल तिनं संकोच करू नये, एवढं तू म्हटलंस की पुष्कळ झालं. रात्री जायचं तर दोघींनी मिळून, बॅटरी घेऊन, पायात बूट घालून.

बुटांवरून आठवलं, सापाची भीती तुला वाटतेच आहे. भीती नको, शिस्त हवी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. कधीकधी चावल्याचं दुखतही नाही. म्हणून तंबूची चेन आत असतानाही बंद, बाहेर असतानाही बंद. उघड्यावर सतरंजी टाकून झोपायचं नाही. सकाळी बूट झटकून घाला. कुणाला चावलाच तर कापाकापी नाही, दोरी बांधणं नाही, मांत्रिक नाही. हात-पाय हलवू न देता 108 ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. रेंज येते-जाते, म्हणून एक गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा आणि किल्ली कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असू दे. सातारा तिथून साधारण पस्तीस किलोमीटर आहे, पण रस्ता घाटाचा.

पोळ्या घरून करून आण, बरोबर चटणी, पिठलं आणि भात. बस्स. पिण्याचं पाणी साताऱ्याहून जारमध्ये, माणशी चार लिटर धर. जलाशयाचं पाणी प्यायची वेळ आली तर गाळून, खळखळ उकळून. भांडी पाण्यात बुडवून घासायची नाहीत. बादलीनं पाणी वर आणून लांब घासा. उरलंसुरलं रात्री उघडं ठेवू नका, वासानं जनावर येतं. सरपण तोडायचं नाही, गॅसची छोटी शेगडी ने. डिसेंबरनंतर गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर तंबू दुसरीकडे हलव, तिथं धूर नको आणि अंगाला अत्तरही नको.

आणि हे सगळं तू एकटीनं करायचं नाहीस गं. पाण्याची एक, मुलांची तासातासाला एक, औषधांच्या डब्याची एक, अशी नावं आजच वाटून टाक. यादी झाली की मला पाठव, निम्म्या वस्तू मी खोडणार आहे. थंडीच्या कानटोप्या सोडून. पहाटे तिथं दव पडतं, त्या प्रत्येकीच्या पिशवीत हव्यातच.