नोंदीपासून सुरक्षित प्रसूतीपर्यंत

खेड्यातील बाळंतपण एकेकाळी सर्वस्वी सुईणीच्या अनुभवावर अवलंबून असे. तो अनुभव मोलाचा होता. परंतु अवघड प्रसंगी तिच्या पाठीशी दवाखाना नसे. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि आशा स्वयंसेविका गरोदर स्त्रीच्या दारापर्यंत पोहोचू लागली. आशा, उपकेंद्रातील आरोग्य सेविका व गरोदर स्त्री यांना जोडणारा पुढचा दुवा म्हणजे भ्रमणध्वनी.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथसारख्या तालुक्यात या दुव्याचे महत्त्व सहज ध्यानी येते. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात व हंगाम संपल्यावर परततात. त्यांत गरोदर स्त्रियाही असतात. बाई फडावर जाते. तिची वही मात्र उपकेंद्रातच राहते.

नोंद कशी होते?

2009 मध्ये माता व बालकांची नावनिशीवार संगणकीय नोंद सुरू झाली. पुढे तिचे रूपांतर प्रजनन व बाल आरोग्य नोंदप्रणालीत झाले. तीत प्रत्येक गरोदर स्त्रीस स्वतंत्र क्रमांक मिळतो. 2016 मध्ये आलेल्या ‘अनमोल’ या साधनामुळे आरोग्य सेविकेला वजन, रक्तदाब व हिमोग्लोबिन यांची नोंद जागेवरच करता येते. संपर्कयंत्रणा नसलेल्या वस्तीवर केलेली नोंदही नंतर पाठविता येते. स्थलांतरित स्त्रीने आपला क्रमांक व माता-बाल संरक्षण कार्ड जवळ ठेवल्यास परक्या गावातील सेविकेलाही पूर्वीच्या तपासण्यांचा माग लागतो.

आवाजातून आरोग्यशिक्षण

2016 साली देशात सुरू झालेली ‘किलकारी’ सेवा फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्रात आली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्यास एक, असे 72 ध्वनिमुद्रित संदेश विनामूल्य ऐकविले जातात. ज्या मातेस वाचता येत नाही, तिलाही त्यांचा लाभ होतो.

साधनाची मर्यादा

अनेक घरांत भ्रमणध्वनी पतीजवळ असतो. क्रमांकही वरचेवर बदलतो. अशा वेळी संदेश मातेपर्यंत पोहोचत नाही. शिवाय हिमोग्लोबिन 7 ग्रॅमहून कमी असल्याची नोंद झाली, तरी नोंद हा उपचार नव्हे. त्या आकड्यामागोमाग सेविकेची भेट, रुग्णालयात रवानगी व वाहनाची सोय झाली, तरच जीव वाचतो. 2018-20 या काळात राज्यात दर लाख जिवंत जन्मांमागे 33 मातांचा मृत्यू झाला. हे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच कमी असले, तरी त्यातील प्रत्येक मृत्यू एका घराचा आधार हिरावून नेतो.

गावाने काय करावे?

बारा आठवड्यांच्या आत नोंदणी व किमान चार तपासण्या होतात की नाही, हे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने पाहावे. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी गरोदर स्त्रियांची यादी करून त्यांचे चालू क्रमांक सेविकेस द्यावेत. आठवड्याचा संदेश घरातील सर्वांनी मिळून ऐकावा, हे शिक्षकांनी पालकसभेत समजावून सांगावे. यंत्र निरोप पोहोचविते. त्या निरोपावर धावून जाण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागते.